वर्तकनगरचं सार्वमत

माझ्या मुलीने त्या देशाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा माझा नवरा कित्येक दिवस नीट जेवला नव्हता. इथला पासपोर्ट परत करावा लागतो हे त्याने वाचलं होतं, पण तो खरोखरच परत घेतील असं त्याला वाटलं नव्हतं. "जन्म ठाण्याच्या वर्तकनगरातला. तो कसा परत करणार?" असं तो मला विचारायचा, जणू काही नियम मीच केला होता.

देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. मुलीने तशी अट घातली आहे, आणि पुढचं वाचल्यावर तुम्हालाही ती पटेल. लहानसा, डोंगराळ, बर्फाचा देश आहे. माणसं कुणाच्या अध्यात ना मध्यात. कित्येक पिढ्या त्यांनी कुणाशी लढाई केलेली नाही आणि कुणाशी फारशी दोस्तीही केलेली नाही.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलगी म्हणाली, "आई, मला मतपत्रिका आलीये. पहिल्यांदाच. आणि काय करू तेच कळत नाहीये."

नवरा आत शेंगा सोलत बसलेला. तो सुपासकट बाहेर आला.

मुलीने समजावून सांगितलं. आजूबाजूच्या देशांनी मिळून शांततेसाठी एक युती केली होती. एकावर कुणी चाल केली की बाकीच्या सगळ्यांनी धावून जायचं. आता या देशाने त्या युतीत सामील व्हायचं, की आजवर राहिला तसं एकटंच राहायचं, असं सरकारने प्रत्येक नागरिकाला घरी कागद पाठवून विचारलं होतं. जावयाचं नागरिकत्व अजून झालेलं नाही, नात पाच वर्षांची. म्हणजे त्या घरात मत एकच, माझ्या मुलीचं.

"आमच्या देशात सगळेच गोंधळलेत," ती म्हणाली.

"आमच्या?" नवरा म्हणाला. मग हातातली शेंग सोलून सुपात टाकली. "नाही म्हणून कळव. सामील व्हायचं नाही."

त्याला त्या देशाची राजधानीसुद्धा नीट म्हणता येत नाही. पण त्याच्यापाशी कारण होतं आणि ते कोकणातलं होतं. त्याच्या लहानपणी एका चुलतभावाने शेजाऱ्याच्या जमिनीत गडगा सरकवला. भावकी जमली आणि ठरलं, की सगळ्यांनी मिळून लढायचं. माझे सासरे भिडस्त, त्यांनीही सही केली. मग दुसऱ्याच्या त्या दगडी कुंपणापायी ते वर्षानुवर्षं तालुक्याच्या कोर्टात चपला झिजवत राहिले. तो गडगा त्यांनी स्वतः कधी पाहिलासुद्धा नव्हता.

"युती म्हणजे भावकीच," नवरा म्हणाला. "फक्त टाय लावलेली."

इथवर प्रकरण घरातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हास्यक्लबला गेला.

आमच्या कॉलनीजवळच्या बागेत रोज सकाळी ज्येष्ठ मंडळी हात वर करून विनाकारण हसतात. व्यायामच तो. तिथे नवऱ्याने सहज सांगितलं, की आमच्या मुलीला एका देशाचं भवितव्य ठरवायचंय. माझ्या समजुतीप्रमाणे गोष्ट इथेच बिघडली. या माणसांना आता कुणी काही विचारत नाही. सुना भाजी कुठली आणू विचारत नाहीत, मुलगे गाडी कुठली घेऊ विचारत नाहीत. आणि इथे अचानक एका अख्ख्या देशाने विचारलं होतं.

त्याच संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या भूगोलाच्या बाई आमच्याकडे आल्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या, एकट्या राहणाऱ्या, ताठ बाई. हातात जाडजूड नकाशासंग्रह. चहाला नको म्हणाल्या आणि पुस्तक थेट जेवणाच्या टेबलावर उघडलं.

"हे बघा. या देशाला समुद्रच नाही. मीठसुद्धा शेजाऱ्याच्या दारातून येतं. आणि हे म्हणणार, आम्ही एकटे!"

"मीठ विकत घेतात," नवरा म्हणाला. "त्यासाठी सोयरीक करावी लागत नाही."

"आणि शेजाऱ्याने दार लावून घेतलं तर?"

"तर अळणी खातील. बीपीला बरं."

बाईंनी पुस्तक मिटलं. पण गप्प बसणाऱ्या त्या नव्हेत. दोन दिवसांनी मी बागेत गेले तर चालायच्या वाटेवर रांगोळीने त्या देशाचा भलामोठा नकाशा काढलेला. शेजारचे देश वेगवेगळ्या रंगांत, मध्ये हा पांढरा. बाई मंडळींना छत्रीच्या टोकाने डोंगर दाखवत होत्या.

आता माझा नवरा कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्रांची ड्रॉइंग्ज काढण्यात त्याचा जन्म गेला. तो नकाशाभोवती एक फेरी मारून आला आणि अस्वस्थ झाला.

"पूर्वेची हद्द चुकलीये," तो म्हणाला.

"तुम्ही विरोधात ना? मग तुम्हाला काय करायचंय?"

"विरोध वेगळा, प्रमाण वेगळं."

मग तो घरून दोरा आणि फूटपट्टी घेऊन आला. गुडघे दुखतात म्हणून देवळात बसून नमस्कार करणारा माणूस, वाटेवर चक्क ओणवा होऊन बाईंच्या मदतीने हद्द दुरुस्त करत बसला. त्यांचं जवळजवळ होत आलेलं, तोच बागेचा माळी पाइप घेऊन आला. त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. उत्तरेकडचे सगळे प्रांत गुलबक्षीच्या वाफ्यात वाहून गेले. नवरा आणि बाई एकदमच त्या माळ्यावर ओरडले. त्या महिन्यात दोघांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच.

कारण पुढच्या आठवड्यात हास्यक्लब फुटला. युती करा म्हणणारे बाईंच्या बाजूने घसरगुंडीपाशी उभे राहायला लागले. करू नका म्हणणारे नवऱ्याबरोबर पाण्याच्या टाकीपाशी. हसायची वेळ मात्र तीच. तेव्हा एक गट हसला की दुसरा त्याहून मोठ्याने हसायचा. मग पहिला आणखी मोठ्याने. तोंडं लाल, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांत राग, आणि "हा हा हा." इतकं भयंकर हसणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. क्लबचे अध्यक्ष तटस्थ होते. ते मधल्या बाकावर बसून एकटेच हसायचे आणि दोन्ही गट त्यांच्याकडे संशयाने बघायचे.

त्या आवाजाने एक दिवस मोटरसायकलवरून एक कार्यकर्ता आला. पांढरा शर्ट, कानाला फोन. स्थानिक पुढाऱ्याच्या ऑफिसातून पाठवलेला.

"काका, साहेबांनी विचारलंय. तुम्ही लोक म्हणे युतीवरून भांडताय?"

"हो. आमचा विरोध आहे," नवरा म्हणाला.

कार्यकर्त्याचा चेहरा पडला. "का पण काका? काय कानावर आलंय का? कोण बोललं?"

"युती झालीच पाहिजे!" घसरगुंडीकडून बाई ओरडल्या.

"म्हणजे अजून झाली नाही?" तो बिचारा जास्तच घाबरला. ठाण्यात युती हा शब्द जपून वापरायला हवा, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मीच पुढे होऊन त्याला म्हटलं, अरे बाबा, हे परदेशातलं आहे, तिकडे बर्फ पडतो. त्याचा विश्वास बसेना. तो बाजूला जाऊन फोनवर हळू आवाजात सांगत होता, "साहेब, दुसऱ्या देशातली आहे म्हणतायत. नाही नाही, आपली नाही. म्हणजे ते तसं म्हणतायत." त्यानंतर दोन-तीन सकाळी तो बागेत येऊन हसत असे. दोन्ही गटांत आळीपाळीने.

एव्हाना मुलीचा नंबर कुणीतरी फोडला होता. ती मीटिंगमध्ये असताना तिला ठाण्याहून व्हॉइस मेसेज जायला लागले. कुणी तिला पंचशीलावर बोलून दाखवी, कुणी श्रीकृष्णशिष्टाई ऐकवी. अध्यक्ष रोज कबुतराचं चित्र पाठवीत, खाली 'शुभ सकाळ, योग्य निर्णय घ्या.'

तिने फोन केला तो चिडूनच. "बाबा, मतदान गुप्त असतं!"

"गुप्त लोकांपासून. घरच्यांपासून कसलं गुप्त?"

"माझं मत आहे ते!"

"तुझंच आहे. आम्ही कुठे म्हणतोय आमचं? फक्त विचारून दे."

तिने फोन आपटला. म्हणजे हल्ली आपटता येत नाही, पण ते कळतं. आणि लगेच डोंबिवलीहून विहीणबाईंचा आला. त्या तिथल्या मानपाड्याला राहतात. आवाज थंड होता. "या एकदा घरी. बोलायला हवं."

आम्ही टॅक्सीने गेलो. शिळफाट्याला ट्रकांमध्ये अडकलो असताना नवरा मुद्दे पाठ करत होता. घरी व्याही पेपर वाचत बसलेले, ते शेवटपर्यंत पेपरच वाचत होते. विहीणबाईंनी साबुदाणा वडे पुढे केले आणि मुद्द्यावर आल्या.

"सुनेचं मत म्हणजे आमच्या घरचं मत. तुम्ही तिकडे परस्पर सभा भरवता, आणि आम्हाला भिशीत दुसऱ्या बायकांकडून कळतं."

"मतपत्रिका तिच्या नावाने आलीये," नवरा म्हणाला.

"आडनाव कुठलं आहे त्यावर?"

"दोन्ही."

"शेवटी कुठलं येतं?"

नवऱ्याने वडा उचलला. शेवटी त्यांचं येतं.

"बरं, मग तुमचं म्हणणं काय?" मी विचारलं. "सामील व्हावं की नको?"

"दोन्ही नको," विहीणबाई म्हणाल्या. "तो कागद उघडायचाच नाही. कपाटात ठेवून द्यायचा तसाच."

"असं कसं? मत दिलंच नाही तर..."

"मत दिलं की माणूस तिथला होतो हो." त्यांनी ताटली उगाचच सरळ केली. "आत्तापर्यंत मी शेजारणींना सांगते, कामापुरती गेलीयेत. अजून सांगते. हा कागद भरून दिला की काय सांगू?"

व्याह्यांच्या पेपरचं पान उलटायचं थांबलं. इतके दिवस माझ्या घरात मीठ, गडगा, डोंगर, हद्दी सगळ्यावर बोलणं झालं होतं. मला नेमकं काय टोचतंय ते मात्र मानपाड्याला या बाईने दोन वाक्यांत सांगून टाकलं. मी त्यांचा हात धरला असता, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी आणखी एक वडा घेतला.

परतताना नवरा म्हणाला, "विहीणबाईंचं तिसरंच काहीतरी."

त्यानंतर एका दुपारी, नवरा झोपलेला असताना, भूगोलाच्या बाई आल्या. या खेपेला नकाशासंग्रह नव्हता. कोथिंबीर वडीचा डबा होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना वाटतं मी हट्टी आहे."

मी नाही म्हटलं नाही.

"आमचे हे गेल्यावर मीही तशीच राहायचे. आपण बरं नि आपलं घर बरं. दाराला दोन कड्या, वर साखळी. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला. उठताच येईना. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली. मी आतून हाका मारतेय, तो बेल वाजवतोय. दार इतकं छान बंद होतं, की आवाज बाहेर जाईना. गेला तो पिशवी अडकवून. दुसऱ्या दिवशी परत आला, पहिली पिशवी तशीच दिसली, तेव्हा त्याने वॉचमनला बोलावलं."

समोरच्याच इमारतीत घडलेलं हे, आणि मला पत्ता नव्हता.

"म्हणून मग क्लबात नाव घातलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला हसायला अजिबात आवडत नाही हो."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. सकाळी बागेत जाऊन त्याने टाकीची बाजू सोडली, सगळ्यांसमोर घसरगुंडीपाशी गेला आणि बाईंना म्हणाला, "तुमच्या घराची एक किल्ली आमच्याकडे देऊन ठेवा. आणि ती साखळी काढून टाका." त्याच्या गटाला वाटलं, हा फुटला. तो परत टाकीपाशी येऊन उभा राहिला. "तो वेगळा विषय आहे," म्हणाला, आणि त्वेषाने हसायला लागला.

निकालाच्या दिवशी सगळे आमच्या हॉलमध्ये. तिकडे मतं टपालाने आधीच गेलेली असतात, दुपारी मोजून होतात, म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीला. मुलीने कुठे खूण केली ते सांगायला साफ नकार दिला होता. जावयाने लॅपटॉपवर कुठलं चॅनल लावायचं ते कळवलेलं. भाषा कुणालाच येत नव्हती. सोफ्यावर टाकीवाले, दिवाणावर घसरगुंडीवाले, अध्यक्ष दारात स्टुलावर. मी पोहे केले होते.

पडद्यावर दोन पट्टे दिसायला लागले, एक हिरवा, एक करडा. हिरवा वाढतच चालला.

"हिरवा म्हणजे नको," नवरा म्हणाला.

"कशावरून?"

"शेतीवाडी. आपलं आपण पिकवतो."

बाईंना ते पटलं नाही, पण उलट सांगायला त्यांच्याकडेही काही नव्हतं. हिरवा पट्टा एवढा पुढे गेला, की निवेदक हसून हात हलवायला लागला. टाकीवाले उठून उभे राहिले. कुणीतरी खाली जाऊन पेढे आणले. नवऱ्याने पहिला पेढा बाईंनाच दिला, त्यांनी तो सरळ मानेने खाल्ला, आणि डोळ्यांना पदर लावला. मला नवऱ्याचा इतका राग आला, की मी पोह्यांची कढई आत नेऊन ठेवली. सोफ्याकडून हसणं सुरू झालं, या वेळी खरं.

तेवढ्यात मुलीचा कॉल आला. तिला पेढ्यांचा बॉक्स दाखवला.

"हे कशाचे?"

"जिंकलो," नवरा म्हणाला. "हिरवा!"

"बाबा, ते दुकानांचं आहे. रविवारी दुकानं उघडी ठेवायची की नाही, तेही याच दिवशी विचारलं होतं. युतीचं अजून यायचंय."

अध्यक्ष स्टुलावरून म्हणाले, "पण निकाल काय लागला? रविवारी उघडी राहणार?"

"नाही," मुलगी म्हणाली. "बंदच."

युतीचा निकाल थोड्या वेळाने आला. देश सामील झाला होता, फार नाही, पण स्वच्छ बहुमताने. आता सगळ्यांना पट्टे वाचता येत होते. कुणी ओरडलं नाही. पेढे तर संपलेले. भूगोलाच्या बाई उठल्या, नवऱ्यापाशी गेल्या, त्याच्या खांद्याला हात लावावा की नाही असा विचार करून तो मागे घेतला आणि म्हणाल्या, "उद्या येताय ना हसायला?" तो म्हणाला, "बघू."

मंडळी गेल्यावर मुलीने मला वेगळा फोन केला. नवरा खाली जिन्यातले दिवे लागलेत का ते बघायला गेला होता, निदान तो तसं म्हणतो.

"आई, तुला सांगते. बाबांना तूच सांग." तिकडे म्हणे प्रत्येक इमारतीला तळघरात आसरा असतो, लढाई झाली तर लपायला. वर्षातून एकदा सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून तो साफ करायचा. त्या महिन्यात यांच्या इमारतीची ती सफाई आली. जाड लोखंडी दार, आत फळ्यांच्या खाटा, आणि खाटांवर नावं. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने तिथल्या कपाटात मुरंब्याच्या बरण्या लावून ठेवल्यात. तिने माझ्या मुलीला या तिघांच्या खाटा दाखवल्या. नात लगेच आपल्या खाटेवर आडवी झाली आणि म्हणाली, माझी आहे, मी इथेच झोपणार.

"तिला उठवायला गेले, तर ती उठेना. खेळ वाटला तिला." मुलगी थांबली. "मग मी वर येऊन 'हो'वर खूण केली. कुणीतरी यायला हवं ना, आई. आम्ही तिथे खाली असलो तर."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "दार आतून उघडतं का ते?" मला माहीत नव्हतं. त्याने मुलीला मेसेज केला. आतून उघडतं.

पुढे काही महिन्यांनी त्या युतीतल्या दुसऱ्याच एका देशात मोठा पूर आला. नवरा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला. "आपल्याकडून काय गेलं?"

"आपल्याकडून म्हणजे?"

"अगं, आता आपण आत आहोत ना." त्याने मुलीला फोन लावला. तिकडून पाणी उपसायचे पंप गेल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी बागेत त्याने दोन्ही गटांना बोलावून सांगितलं, "आपण पंप पाठवलेत," आणि पंप किती घोड्यांचे असावेत यावर अंदाज बांधत बसला. क्लब अजून दोन जागीच हसतो, पण का, ते आता नवीन आलेल्यांना सांगता येत नाही.

मत दिल्याचं कळल्यावर विहीणबाई बरेच दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांच्याकडून जुन्या सुती साड्यांचं एक गाठोडं आलं. पाठोपाठ फोन. "तुम्ही शिवण शिकवायचात ना? सुनेने तळघराचं सांगितलं. तिथे गारठा असणार. गोधडी शिवा पोरीला. लांबी जास्तच ठेवा, ती वाढतेय."

मी खाटेचं माप मागवलंय. नवऱ्याने त्याचं ड्रॉइंग काढून भिंतीला चिकटवलंय. विहीणबाई रोज फोन करून विचारतात कुठवर आली, आणि मी त्यांना म्हणते, घाई नाही करत, थर जास्त घेतलेत, सुई जड जाते.